मर्दानी खेळाची लाठी: बांबूचं बेट निवडण्यापासून शेंबीपर्यंत, आणि नावांचा घोळ

वेळूबन (धागाकर्ता)

शिवजयंती जवळ आली की पथकांच्या गटांवर "लाठ्या कुठे मिळतील, शंभर नग हवेत" असे निरोप फिरू लागतात. मग मंडपवाल्याकडचा नाहीतर टोमॅटोला आधार द्यायचा बांबू कापून, वरून चकचकीत व्हार्निश फासून लाठी म्हणून गळ्यात मारला जातो. पावसाळा येईपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा उललेल्या असतात आणि उरलेल्यांतून पिवळा भुसा गळत असतो. लाठीचं बरंवाईट बेटात आणि वाळवणीत ठरतं, पॉलिशमध्ये नाही. म्हणून अगदी तोडीपासून लिहितोय.

जात: भरीव किंवा जवळपास भरीव बांबूच हवा. आपल्याकडे त्याच्या दोन जाती सहज मिळतात. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीकडचा मानवेल आणि सिंधुदुर्ग, गोवा, कोल्हापूरच्या घाटमाथ्याकडचा माणगा. काटेरी कळक लाठीला नको. तो बांधकामाला उत्तम, पण लाठीच्या जाडीचा तुकडा त्यात फक्त शेंड्याकडे मिळतो आणि तिथे भिंत पातळ असते. पहिल्याच जोरकस वाराला चेपतो.

वय: ३ ते ४ वर्षांचा जून बांबू. वर्षाच्या आतल्या बांबूवर पांढरी भुकटी असते, गाठींना आवरणं चिकटलेली असतात, रंग पोपटी हिरवा असतो. तो वाळला की सुरकुततो. जून बांबूचा हिरवा रंग मळकट होतो, अंगावर करडे-पांढरे डाग धरतात, आवरणं गळून पडलेली असतात. कोयत्याच्या पाठीने वाजवून बघा, कोवळा बद्द वाजतो आणि जून टणटणीत. नवे कोंब बेटाच्या कडेने येतात, त्यामुळे जून बांबू नेमके मधोमध अडकलेले असतात. तोडणाऱ्याला कडेचे सोपे पडतात, म्हणून बाजारात कोवळाच जास्त येतो. फार म्हातारा किंवा फुलोरा येऊन उभ्यानेच वाळलेला बांबूही नको, तो ठिसूळ असतो.

तोड: पाऊस संपून बेट शांत झाल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर ते माघापर्यंत. पावसाळ्यात कोंब वाढवण्यासाठी बेटात रस चढलेला असतो. बांबूत पिष्ट जितकं जास्त तितका भुंगा लवकर लागतो. जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या अगदी वर तोडायचं, म्हणजे खुंटात पाणी साचून बेट कुजत नाही.

कुठला तुकडा: बुडख्याकडचा पहिला हात-दीड हात सोडा, तिथे गाठी फार जवळ आणि वाक जास्त. त्याच्या वरचे सहा-सात फूट लाठीचे. दोन्ही टोकांच्या जाडीत ३-४ मि.मी. पेक्षा जास्त फरक नको. बोटावर तोलल्यावर तोल बरोबर मध्यापासून दोन-तीन बोटांच्या आत यायला हवा, नाहीतर एकहाती फिरवताना जड टोक मनगट ओढतं. तोडताना अर्धा फूट जादा ठेवा. वाळताना टोकं उलतातच, ती नंतर छाटायची.

लांबी-जाडी: काही आखाड्यांत लाठी कानाच्या पाळीपर्यंत, काहींत डोक्याबरोबर. मोठ्या माणसाला साधारण ५ ते ५॥ (साडेपाच) फूट. जाडी २६ ते ३० मि.मी. मूठ वळली की अंगठा मधल्या बोटाला टेकला पाहिजे. २८ मि.मी. ची ५॥ फुटी भरीव वाळलेली लाठी सुमारे ७०० ग्रॅम भरते. त्याच मापाची लाठी ५०० च्या खाली भरली तर ती पोकळ किंवा कोवळी समजा. ९०० भरली तर अजून ओली आहे.

वाळवण: तोडल्यावर फांद्या लगेच काढा, पण गाठीवरचे डोळे (फांदी फुटते ती जागा) खोलवर खरवडू नका. दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून मुरवा. सत्त्व धुऊन जातं, वास मात्र सुटतो. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, दोन-तीन आडव्या बल्ल्यांवर ठेवून आठवड्यातून एकदा फिरवा. भरीव बांबूला दोन-तीन महिने द्याच. थेट उन्हात ठेवला की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो, आणि उभी चीर पडते.

शेकणं: अर्धवट वाळलेल्या बांबूचाच वाक नीट निघतो. पूर्ण वाळला की शेकताना तडकतो. कोळशाच्या शेगडीवर विताभर उंचीवर सतत फिरवत धरा. सालीवर तेलकट घाम सुटला की फडक्याने पुसा. आता तो भाग नरम झाला. झाडाच्या बेचक्यात किंवा लाकडात पाडलेल्या खाचेत अडकवून वाकाच्या उलट दिशेला थोडा जास्तच दाबा आणि ओलं फडकं फिरवून थंड होईपर्यंत धरून ठेवा. कांड्यातला (दोन गाठींमधल्या भागातला) वाक सहज निघतो, गाठीवरचा हट्टी असतो. त्यासाठी गाठीच्या दोन्ही बाजू शेका. साल काळी पडली तर समजा तिथेच पुढे मोडणार. पोकळ कांड्यांचा ओला बांबू शेकू नका, आतली वाफ कोंडून फुटतो आणि डोळ्यांशी गाठ असते.

गाठी: कानशीने फक्त वर आलेला कंगोरा काढा, कांड्याच्या पातळीपर्यंत. त्याखाली नको.

तेल: तीळ किंवा जवस. पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्याला, नंतर वर्षातून तीन-चारदा. टोकं तेलात रात्रभर उभी ठेवा, बांबू पाणी आणि तेल टोकांतूनच जास्त पितो. जवसाचं तेल सुकून पातळ कवच धरतं, तिळाचं मऊ राहतं. खोबरेल नको, हिवाळ्यात थिजतं.

---

घाटमाथा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

एक दुरुस्ती. तुम्ही ज्याला माणगा म्हणता त्याला आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडे मेस म्हणतात. आमच्याकडे "मेसकाठी" मागितली की तोच मिळतो. माणगा म्हटलं तर इथला म्हातारा शेतकरी तोंडाकडे बघत राहील.

तळकोकण

आणि हाच मेस शब्द घेऊन खाली घाट उतरलात तर फसाल. काही गावांत मेस म्हणून चिव्याच्या जवळचा बारीक बांबू दाखवतात. चिवा म्हणजे चिवारी, टोपल्या-सुपांचा. काठी म्हणून सरळ आणि देखणा, पण लाठीच्या जाडीला क्वचितच पोचतो. माणगा आमच्याकडे बांधावर लावतात. काटे नसतात, त्यामुळे तोडायला सोपा. आठ-दहा मीटर वाढतो, बुडाकडे जवळपास भरीव. बहुतेक माल गाड्या भरून टोमॅटो, द्राक्षं आणि पानमळ्यांच्या आधाराला घाटावर जातो, आणि त्या मालात वय कुणी बघत नाही. धागाकर्त्याने मांडवाचा आणि टोमॅटोचा बांबू म्हणून जो हिणवला तो जातीने वाईट नाही. त्यातून निवडून घेता येतो, फक्त तो कोवळा आणि कुठल्याही महिन्यात तोडलेला असतो.

झाडीपट्टी

विदर्भाकडून लिहितो. आमच्याकडे दोनच नावं, मानवेल आणि काटस. काटस म्हणजे तुमचा कळक. पण "मानवेल" म्हटलं म्हणजे भरीवच, असं नाही. ही जात कोरड्या, मुरमाड टेकडीवर वाढली तर भरीव होते आणि नाल्याकाठच्या ओल्या जमिनीत वाढली तर पोकळ. एकाच गावच्या दोन बेटांत हा फरक दिसतो. म्हणून नाव सांगून मागवू नका. "बुडापासून सहा फुटांवर काप घेऊन दाखवा, पोकळी पेन्सिलीपेक्षा मोठी नको" असं सांगा. सौदा फोनवर ठरवण्याआधी कापाचा फोटो मागवा.

विकत कुठून, हा पुढचा प्रश्न येईलच. स्वतःच्या शेतातला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन कायद्याच्या व्याख्येत "झाड" राहिला नाही, त्यामुळे तोडीची नि वाहतुकीची कटकट कमी झाली. जंगलातला मात्र नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा स्वतः बांबू विकतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ला तो हक्क २००९ मध्ये मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवाना आला. अशा ग्रामसभेशी हंगामाच्या आधी बोललात तर वय निवडून तोडून देतात. ठेकेदाराच्या गठ्ठ्यात ते होत नाही.

वेळूबन (धागाकर्ता)

तिघांचंही बरोबर. म्हणजे मागणीच्या चिठ्ठीत नाव दुय्यम. पोकळी, वय, तोडीचा महिना आणि गाठींमधलं अंतर लिहायचं. कांडं एक ते सव्वा फुटाचं असेल तर हाताला बरं. मुठीखाली गाठ आली की फोड येतो.

---

अनघा_व्ही

१० ते १४ वयाच्या मुलींच्या वर्गासाठी काय माप घ्यावं? आणि सगळ्यांना एकाच लांबीच्या दिल्या तर चालेल का? साठवणुकीला सोपं पडतं.

मनगट

ताई, एकाच लांबीच्या नकोत. लांब लाठी फिरवताना खालचं टोक जमिनीला लागतं, मूल खांदा उचलून फिरवायला शिकतं, ती सवय पुढे मोडत नाही. तीन लांब्या ठेवा: ४, ४॥ आणि ५ फूट. टोकाला वेगवेगळ्या रंगाची पट्टी गुंडाळा. जाडी २० ते २२ मि.मी., वजन ३०० ते ३५० ग्रॅमच्या आसपास. इतक्या बारीक मापात चिवारीतली जाड काठीही चालते. जोडीच्या सरावाला मात्र ती नको, एकट्याने फिरवण्यापुरतीच. पहिले काही दिवस वेताची दिली तर अजून बरं, हातावर बसली तर हाड दुखत नाही.

अनघा_व्ही

वेत आणि बांबू यात मोडण्याचा फरक काय? वेत महाग आहे म्हणून विचारते.

फरीगदगा

महाग आहे, पण जोडीच्या खेळात वेताला पर्याय नाही. बांबू मोडतो तेव्हा उभा फाटतो आणि कुसळं भाल्यासारखी बाहेर येतात. वेत आतून सगळा भरीव, दोऱ्यांच्या जुडीसारखा. मार खाऊन खाऊन तो चिंध्या होतो, पण अणकुचीदार तुकडा सुटत नाही. म्हणून गदग्याचा (जोडीच्या खेळातल्या कातडं चढवलेल्या काठीचा) गाभा वेताचाच करतात.

गदगा कसा करतात तेही लिहितो, कारण हा प्रकार आता फार कमी जण बनवतात. सुमारे तीन फूट वेत, १८-२० मि.मी. जाड. मुठीचा वीतभर भाग सोडून बाकीवर सुती कापडाची पट्टी तिरकी, घट्ट, कडा एकमेकींवर अर्ध्या चढवत गुंडाळायची. त्यावर पातळ मेंढीचं किंवा शेळीचं कातडं रात्रभर भिजवून, ओलं असतानाच ओढून शिवायचं. शिवण एकाच सरळ रेषेत, आणि ती रेष मुठीच्या आतल्या बाजूला, म्हणजे मार शिवणीवर येत नाही. वाळलं की कातडं आवळून बसतं. सैल शिवलं तर दोन दिवसांत सरकून टोकाशी गोळा होतं. फार आवळून शिवलं तर वाळताना टाके फाडतं. मुठीपुढे कापूस भरलेली कातडी गादी, बोटं वाचवायला. फरी म्हणजे सोबतची छोटी कातडी ढाल. तिच्यावर मार बसला की आवाज मोठा येतो आणि पंचालाही कळतो.

मनगट

+१. मूठ आणि गादी यांच्यात बोटभर फट राहिली की नेमका मार तिथेच बसतो.

---

रंधा

धागा बांबूचा आहे, पण विषय लाकडाच्या काठीशिवाय पुरा होत नाही.

लाकडात पहिली पसंती धामण. ताणून सोडलं तरी सरळ होणारं लाकूड, कावडीचे दांडे याचेच असत. दुसरा धावडा: कुऱ्हाडीच्या दांड्याचं लाकूड, चिवट आणि जड. तिसरा तिवस, बैलगाडीच्या कामातला. बाभूळ मजबूत, पण सरळ लांब तुकडा मिळणं दुरापास्त. सागवान सगळे मागतात कारण माहीत असतो, पण लाठीला तो चुकीचा. सुबक होतो, हलका होतो, आणि धक्क्याला कच्चा. खैर फार जड, मुसळालाच शोभतो. परवानगीशिवाय झाड तोडायच्या भानगडीत पडू नका. खैर, सागासारख्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू आहे. पावतीसह वखारीतून घ्या.

आता मुद्द्याचं. वखारीत गोल करवतीने चिरलेली पट्टी घेतली की लाठी तिथेच अर्धी मेली. करवत लाकडाच्या रेषेची (तंतूंच्या दिशेची) पर्वा करत नाही. लाठीभर लांबीत रेषा एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर पडली तर मोडताना ती त्या रेषेवरच तिरकी मोडते, दोन भाले होऊन. म्हणून ओंडका पाचरी मारून फाडायचा. फाट आपोआप रेषेने जाते. फाट पिळत गेली तर तो ओंडका सोडून द्या, वाळल्यावर लाठीही पिळणार. चिरलेलीच घ्यायची असेल तर चारही बाजूंवर बोट फिरवून रेषा बघा. वितीभरात एका बोटाइतकी तिरकी जात असेल तर परत करा. गाभ्याचा मध्य लाठीत नको, तिथून ताऱ्यासारख्या चिरा सुटतात.

फाडलेला तुकडा ४० मि.मी. जाड ठेवा. दोन्ही टोकांना शेणमाती किंवा मेण थापा, नाहीतर टोकं आधी वाळून उलतात. सावलीत, खाली पट्ट्या देऊन, वर्षभर. घाई असेल तर दर महिन्याला वजन करा. लागोपाठ दोनदा वजन तेच आलं की वाळलं.

घडण: रंध्याने ३४ मि.मी. चा काटकोनी चौकोन करा. प्रत्येक बाजूवर दोन्ही कडांपासून १० मि.मी. वर रेघ मारा, मध्ये १४ राहतात. कोपरे त्या रेघांपर्यंत उतरवले की बरोबर अष्टकोन येतो. मग सोळा कोन, मग गोल. अष्टकोन न करता थेट गोल करायला गेलात की काठी हमखास अंडाकृती होते, आणि हाताला ते डोळ्याच्या आधी कळतं. शेवट काचेच्या तुटक्या तुकड्याने खरवडून करा. ताजी कड असली की कुरळ्या पातळ सली निघतात. भुकटी निघू लागली की कड गेली, काच बदला. त्यानंतर १२० आणि २२० चा काचपेपर, ओल्या फडक्याने पुसून तंतू उभे राहू द्या, वाळल्यावर पुन्हा २२०.

जाडी बांबूसारखी २८ ठेवू नका. धावडा त्या जाडीत सव्वानऊशे ग्रॅमच्या पुढे जातो. २५ मि.मी. वर आणलात की पुन्हा ७०० च्या आसपास येतो आणि ताकद पुरेशी राहते.

घाटमाथा

शेणमातीचं खरंच काम करतं. फेव्हिकॉल फासणारेही पाहिलेत, तोही चालतो. गरज फक्त टोकांतून वाळण्याचा वेग कमी करण्याची.

नवशिका_०७

माझ्याकडची बांबूची लाठी खरखरीत होती म्हणून ग्राइंडरवर घासून एकदम गुळगुळीत केली, वर पीयू पॉलिश. आता महिन्यात सालपटं सुटायला लागलीत. पॉलिश खराब होतं का?

वेळूबन (धागाकर्ता)

पॉलिशचा दोष नाही. बांबूचे मजबूत तंतू बाहेरच्या थरात दाट असतात, आत जावं तसे विरळ. साल घासून काढली म्हणजे सगळ्यात मजबूत थर काढला आणि तुटलेल्या तंतूंची टोकं उघडी पाडली. ती टोकं आता उचकटतायत. शिवाय सालीवर पॉलिश धरत नाही आणि घासलेल्या जागी धरतं, म्हणजे ते ठिगळासारखं सुटणार. ती लाठी एकट्याने फिरवण्यापुरती ठेवा, जोडीला नको. खरखर फक्त गाठींची काढायची, अंगाला फडकं आणि तेल पुरे.

---

रसायन

पाण्यात मुरवणं चांगलं, पण नदी-ओढा जवळ नसेल तर बोरिक आम्ल आणि बोरॅक्स वापरा. १०० लिटर पाण्याला २ किलो बोरिक, ३ किलो बोरॅक्स. पाणी कोमट असलं की लवकर विरघळतं. प्लास्टिकची टाकी किंवा जाड ताडपत्री घातलेला चर. तोडल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आत बांबू टाका, वाळलेला फारसं पीत नाही.

इथे एक अडचण आहे. फर्निचरवाले सळई घालून आतल्या गाठी फोडतात, म्हणजे द्रावण आतून जातं. लाठीत ते करायचं नाही, आणि भरीव बांबूत करताही येत नाही. सालीतून द्रावण जवळजवळ शिरत नाही. म्हणून दोन आठवडे बुडवून ठेवा, दोन्ही टोकं ताजी छाटून. किंवा तोडल्या तोडल्या बुडखा द्रावणाच्या बादलीत आणि शेंड्याला पानं तशीच ठेवून उभा करा. पानं बाष्प सोडतात आणि द्रावण वर ओढलं जातं. हातमोजे घाला, उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. हे द्रावण पावसात धुऊन जातं, तेव्हा उपचार केलेली लाठीही अंगणात उघड्यावर ठेवू नये.

तळकोकण

जुनी पद्धत चुलीवरच्या माळ्याची. एक पावसाळाभर धुरावर ठेवलेली काठी लालसर-काळी होते आणि तिला भुंगा तोंड लावत नाही. आता चुलीच राहिल्या नाहीत हा भाग वेगळा.

अमावास्येला तोडायचा की पौर्णिमेला, यावर इथे भांडण सुरू व्हायच्या आत सांगतो: महिना बरोबर असला तर तिथीवाचून अडत नाही.

झाडीपट्टी

तिथीवर बोलू नका म्हणता म्हणता बोललातच की :) आमच्याकडे अंधाऱ्या पाखातच तोडतात. पण वय आणि महिना आधी, याला +१.

---

शेंबीवाला

शेंब्यांबद्दल (काठीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) कुणी लिहिलं नाही म्हणून. चालायच्या काठीला लोखंडी शेंबी ठीक, टोक झिजत नाही. फिरवायच्या लाठीला दोन्ही टोकांना पितळी शेंब्या लावायची जी फॅशन आली आहे तिचा हिशेब करून बघा. ७०० ग्रॅमची ५॥ फुटी लाठी, दोन्हीकडे ६०-६० ग्रॅमच्या शेंब्या. वजन वाढलं जेमतेम सतरा टक्के. पण ते वजन टोकाला आहे, त्यामुळे लाठी फिरवायला आणि थांबवायला लागणारा जोर जवळपास दीडपट होतो. मनगटं आणि कोपरं दुखण्याचं हे एक कारण. शिवाय सुटलेली शेंबी प्रेक्षकात जाते.

तरी लावायचीच असेल तर बांबू पूर्ण वाळल्यावर. ओल्यावर ठोकलेली शेंबी वाळल्यावर गळून पडते, कारण बांबू जाडीत चांगलाच आकसतो. लोखंडी शेंबी कडेला तांबूस होईपर्यंत तापवून चढवा, लगेच पाण्यात बुडवा, आवळून बसते. पितळी असेल तर आत अ‍ॅराल्डाइट आणि आरपार एक बारीक रिबीट. खिळा नको, खिळ्यापासून चीर सुरू होते. रिबीटसाठी आधी ड्रिल मारा, तेही गाठीत.

उलण्यापासून टोक वाचवायचं एवढाच हेतू असेल तर शेंबीची गरज नाही. टोकापासून दोन इंच मेणाचा सुती दोरा शेजारी शेजारी घट्ट गुंडाळा, वर पातळ अ‍ॅराल्डाइट. वजन पाच-सात ग्रॅम.

मनगट

टोक नेहमी गाठीलगत, गाठीच्या बाहेर अर्धा इंच सोडून कापा. गाठ स्वतःच कड्याचं काम करते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

---

शब्दखूण

नावांवर अजून थोडं, कारण निविदा आणि पत्रकांत फार घोळ असतो. बोलीत लाठी आणि काठी अदलाबदलीने वापरतात, पण आखाड्यात लाठी म्हणजे दोन्ही टोकांनी खेळायची लांब. सोटा आखूड, जाड, कमरेपर्यंतचा, एका टोकाला जड. दंडुका त्याहून आखूड. बडगा म्हणजे ओबडधोबड, न घडवलेला. घुंगुरकाठी ही मिरवायची, तिला टोकाशी घुंगरं. तिने खेळू नये, घुंगरू तुटून उडतो. बनेटी म्हणजे दोन्ही टोकांना गोळे असलेली फिरवायची काठी. बोथाटी म्हणजे टोकाला गोळा बसवून बोथट केलेला भाला, घोड्यावरच्या सरावाचा. विटा फेकायचा, त्याला दोरी असते आणि ती मनगटाला बांधतात. शेवटच्या दोन्हींचा दांडा मानवेलाचा चांगला, पण लाठीची जाडी त्यांना चालत नाही.

फरीगदगा

पेटत्या बनेटीबद्दल एक सूचना. गोळा सुती कापडाचाच, टेरिकॉट वितळून ठिबकतं. लाकडाच्या टोकावर वीतभर पत्रा गुंडाळा, त्यावर तारेने आवळलेला गोळा. रॉकेलमध्ये बुडवल्यावर पिळून निथळू द्या, नाहीतर पहिल्याच फेरीत पेटते थेंब उडतात. पेट्रोल कधीही नाही. ओली गोणी हातात घेऊन एक माणूस बाजूला उभा हवाच.

थेम्सकाठ

इथे इंग्लंडात मंडळाच्या शिवजयंतीला लाठ्या हव्या असतात. भारतातून आणणं शक्य नाही, विमानात सामान म्हणूनही लांबीची अडचण येते. बागकामाच्या दुकानातला बांबू पोकळ असतो. काय करावं?

रंधा

तिकडे अ‍ॅशचं लाकूड मिळतं, फावड्याच्या दांड्यांचं. ते धामणीच्या सगळ्यात जवळचं. कराटेवाल्यांच्या दुकानात जपानी बो मिळतो, सहा शाकू म्हणजे १८२ सें.मी., बहुधा ओकचा. तो कापून आखूड करा, पण निमुळता बो घेऊ नका, कापल्यावर एक टोक जाड राहतं आणि तोल जातो. झाडूचा दांडा तर अजिबात नको, तो बहुतेक पाइनचा असतो, आडवा टचकन मोडतो. ऑस्ट्रेलियात नेणाऱ्यांसाठी: बांबू आणि लाकडी वस्तू तिथे उतरताना जाहीर कराव्या लागतात. साल, माती किंवा भुंग्याची भोकं दिसली तर अडकलात.

खाकी_निवृत्त

मिरवणुकीत खेळणाऱ्या पथकांसाठी. मुंबई पोलीस कायदा, १९५१, आता महाराष्ट्र पोलीस कायदा, याच्या कलम ३७ (१) खाली सणासुदीला जे मनाई आदेश निघतात त्यात सोटे, काठ्या, लाठ्या नावाने असतात. लाठी खेळाची आहे हे तुम्हाला माहीत असतं, बंदोबस्तावरच्या माणसाला नाही. ठाण्याला आधी अर्ज द्या: पथकाचं नाव, खेळाडूंची संख्या, लाठ्यांची संख्या आणि लांबी, मार्ग, वेळ, जबाबदार दोघांचे फोन. पोचपावतीची प्रत प्रमुखाच्या खिशात. लाठ्या गठ्ठा बांधून टेम्पोने न्या, दुचाकीवर एकेकाने नेऊ नका.

अनघा_व्ही

खूप उपयोगी माहिती. शेवटचा प्रश्न. वर्गातल्या लाठ्या भिंतीला टेकून उभ्या ठेवतो, त्या वाकल्यात. आणि दोन-तीन लाठ्यांना केसासारखी बारीक चीर दिसतेय. दोरा गुंडाळून वापरता येतील का?

वेळूबन (धागाकर्ता)

टेकून ठेवल्या की वाकणारच. भिंतीला तीन खुंट्या मारा, दोन टोकांजवळ, एक मध्यात, आणि आडव्या ठेवा. वाकलेल्या अजून शेकून सरळ होतील, पण आधी टोकांतून पाणी पाजा, दिवसभर भिजवून दोन दिवस सावलीत ठेवा आणि मगच शेका.

चिरेसाठी: लाठी दोन्ही हातांत धरून थोडी पिळा. चीर उघडमीट करत असेल किंवा पिळताना करकर आवाज येत असेल तर ती आतपर्यंत गेली आहे. दोऱ्याने बाहेरून दिसेनाशी होईल, आत तशीच राहील. चीर एका गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंतच असेल आणि टोकाच्या कांड्यात असेल तर तेवढं कांडं कापून ४ फुटी करा, लहान गटाला द्या. मधल्या कांड्यात असेल तर बाद. नखाने अडकत नाही इतकी वरवरची असेल तर तेल लावून महिनाभर बाजूला ठेवा, वाढली नाही तर एकट्याच्या सरावाला चालेल. आणि दर प्रयोगाआधी प्रत्येक लाठी फरशीवर विताभर उंचीवरून आडवी टाकून आवाज ऐका. टणकन न वाजणारी बाजूला काढा, कारण शोधत बसू नका.